पांढऱ्या ठिपक्यांची पाठराखीण

२५ एप्रिल २००९, शनिवार

आज सुब्बोत्निक. एप्रिलमधला एक शनिवार विद्यापीठातल्या आमच्या सगळ्या जनुकशास्त्र विभागानं साफसफाईला फुकट राबायचं, आणि संध्याकाळी कंबर धरून एकमेकांना अभिमानानं सांगायचं की काय घाण होती, काय घाण होती! मार्गारिता गेन्रिखोव्ना, आमच्या विभागप्रमुख, वय चौऱ्याहत्तर आणि आवाज भरतीच्या हवालदाराचा, सकाळीच कामं वाटून मोकळ्या झाल्या. पोरांना खिडक्या, बायकांना पुस्तकं आणि मला कोल्ड रूम, म्हणजे नमुने ठेवायची थंडगार खोली.

"शेशुकोव, तुमच्या अंगावर चरबी आहे. तुम्हाला थंडी वाजायची नाही."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या वयाच्या डोसेंटनं, म्हणजे सहयोगी प्राध्यापकानं, हसण्याखेरीज काय करायचं असतं?

आमच्याकडचा नियम सोपा आहे. ठेवायचं त्यावर आधीच निळी चिकटपट्टी लावायची. पट्टी नसेल ते ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेच्या दाबाच्या भांड्यात, शिजवायचं आणि फेकायचं. कोल्ड रूममध्ये बुरशी आलेल्या बाटल्या निघाल्या, कुणाचा तरी नव्या वर्षाचा खारवलेला हेरिंग मासा निघाला, आणि तिसऱ्या फळीवर यीस्टच्या जुन्या बश्यांचा एक बेवारस ढीग. सगळं शिजवून टाकलं. जागा अशी लख्ख झाली की बघत राहावं.

संध्याकाळी गुपचूप सासूबाईंच्या बरण्या आणून त्या फळीवर मांडल्या. गावाकडच्या घराच्या तळघरात बर्फाचं पाणी शिरलंय. त्यामुळे आंबवलेला कोबी आणि खारवलेली अळंबी आमच्या दोन खोल्यांत राहायला आलीत. एक बरणी तर माझ्या टेबलाखाली पायाला लागायची. रिम्मानं काल सांगितलं, "केशा, एक तर या बरण्या घराबाहेर जातील नाहीतर मी जाईन." बायको जुनी आहे, तिला ठेवून घेतली. बरण्यांना रीतसर निळी पट्टी लावली, म्हणजे कुणी हात लावणार नाही.

कंबर खरंच दुखतेय.

२७ एप्रिल, सोमवार

ताया परत आली. ताया लुकिना ही माझी संशोधक विद्यार्थिनी. आईचं ऑपरेशन होतं म्हणून पंधरा दिवस पेत्रोझावोद्स्कला गेली होती. ओव्हरकोटही न काढता माझ्या दारात उभी राहिली. ती मला वडिलांच्या नावानं हाक मारते.

"वालेर्यानिच, तिसऱ्या फळीवरचा माझा गठ्ठा तुम्ही हलवलात का?"

"कुठला गठ्ठा?" मी विचारलं. जरा जास्तच पटकन विचारलं.

"माझ्या पांढऱ्यांचा."

मी म्हणालो की शनिवारी सगळेच आवराआवर करत होते, कुणी कुठे ठेवलं असेल, सफाईवाल्यांना विचारून बघ. ती विचारायला गेली. मी खुर्चीत बसून राहिलो. हात गार पडले होते, आणि ते चरबीनं काही झाकले जात नव्हते.

म्हणजे तो ढीग तिचा होता. पण एवढ्या महत्त्वाच्या बश्यांवर पट्टी लावायला नको? नियम नियम असतो.

दुपारी ती पुन्हा आली. सफाईवाल्यांना काही माहीत नाही. रडली नाही. जाताना म्हणाली, "कोल्ड रूममध्ये कोबीचा वास येतोय. या वर्षी तुमच्या सासूबाईंचा कोबी चांगला झालाय का?"

मी म्हटलं, उत्तम झालाय. मुलगी अशा प्रसंगीही घरगुती गोष्टी विचारते म्हणजे धक्का फार मोठा नसावा. उद्या सांगून टाकीन.

१ मे, शुक्रवार

सुट्टी. चार दिवस झाले, सांगितलेलं नाही.

जेवताना सासूबाईंनी, आग्निया पावलोव्नांनी, विचारलं, "केशा, तोंड का असं उतरलंय? तुझं यीस्ट मेलं का?"

"एका मुलीच्या काही बश्या हरवल्या."

"बशी हरवली तर दुसरी घ्यावी."

मग मी समजावत बसलो. समजावताना मला बरं वाटतं. आपण शहाणे आहोत असं घटकाभर वाटतं. सांगितलं की आमचं यीस्ट साधं असेल तर बशीवर लाल ठिपके होऊन वाढतं. कधीकधी त्याच्यातलं एखादं प्रथिन भलतीच घडी घालून बसतं, आणि शेजारच्या तशाच प्रथिनांनाही ती घडी घालायला लावतं. त्यांची गुठळी होते. ठिपका पांढरा पडतो. जनुकात काहीच बदललेलं नसतं, फक्त घडी. तरी ती लेकीला मिळते, नातीला मिळते. याला प्रायन म्हणायचं. आणि एकाच प्रथिनाच्या किती तऱ्हेच्या घड्या! कुणी शुभ्र, कुणी फिका गुलाबी, कुणी दोन दिवसांत मोडणारा, कुणी वर्षभर टिकणारा.

"वाईट सवयच म्हणायची," सासूबाई म्हणाल्या.

"तसंच. आता गंमत ऐका. पेशीत एक पाठराखीण प्रथिन असतं. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ना, तशी ही प्रथिनांच्या मागे असते, कुणी वेडंवाकडं वागू नये म्हणून. ही गुठळी बघते आणि तिचे तुकडे करते."

"मग साफ झालं की!"

"तिथंच तर फसगत आहे. तुकडे केले म्हणूनच ते लेकीत जातात. अख्खी गुठळी आईतच राहिली असती आणि आईबरोबर संपली असती. आवरायला आलेल्या बाईनंच ते घरोघरी पोचवलं. ग्वानिडीन नावाचं एक द्रव्य तिचे हात बांधतं. मग पुढच्या पिढ्या हळूहळू लाल होतात."

"आणि त्या मुलीचं काय हरवलं?"

"तिचे पांढरे ठिपके ग्वानिडीननं लाल होत नव्हते. ती पाठराखीण पूर्ण काढून टाकली तरी पांढरेच. पण दुसरी एक पाठराखीण कमी केली की लाल व्हायला लागले. म्हणजे नवाच प्रायन, आणि त्याची पाठराखीणही वेगळी. एक नाही, छटांचं अख्खं कुटुंब होतं तिच्याकडे."

सासूबाई जरा वेळ चावत राहिल्या. "मग तिनं ते सांभाळून का नाही ठेवलं?"

रिम्मा माझ्याकडे बघत होती. मी बटाटे वाढून घेतले.

५ मे, मंगळवार

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर: मी ठेवू दिलं नाही म्हणून. आमच्या डीप फ्रीजरमध्ये जागा नसते, म्हणून नियम मीच केला होता. तीन महिने थंडीत काढून ज्याचा रंग टिकेल तेच गोठवायचं, कचरा गोठवायचा नाही. ताया नियम पाळणारी आहे. ती वाट बघत होती.

आणि इथे खरं लिहितो, नाहीतर वही कशाला? गठ्ठ्यावर पट्टी होती. म्हणजे असावी. ओलाव्यानं सुटून खाली पडली असेल. कोल्ड रूममध्ये चिकटपट्टी टिकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

आज मार्गारिता गेन्रिखोव्नांनी विचारलं, लुकिनाच्या बश्या गेल्या म्हणे? मी म्हणालो, आजकालची पोरं नीट खुणा करत नाहीत. त्या "हं" म्हणाल्या. असं बोलायची काहीच गरज नव्हती. तोंडातून निघून गेलं.

१४ मे, गुरुवार

आज विभागात तायाच्या प्रबंधाची रंगीत तालीम होती. खरं भाषण जूनमध्ये विद्वत्सभेपुढे होईल. आज फक्त आपल्याच माणसांनी सोलून काढायचं.

तिनं चांगलं मांडलं. शेवटचं प्रकरण आलं, पांढऱ्या ठिपक्यांचे फोटो पडद्यावर आले आणि मार्गारिता गेन्रिखोव्नांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समोरच्याची खैर नसते.

"लुकिना, पांढरं म्हणजे प्रायन, असं तुला कुणी शिकवलं? हे बुटके आहेत."

बुटके म्हणजे श्वास घेण्याची यंत्रणा मोडलेलं यीस्ट. ते प्रायन नसतानाही पांढरं राहतं, कारण लाल रंग बनवायलाच श्वास लागतो. शिवाय ग्वानिडीननं बुटके ढिगानं तयार होतात. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना खड्डा. पहिल्या वर्षाची पोरं पडतात त्यात.

"बुटके नाहीत," ताया म्हणाली. "बुटके ग्लिसरीनवर वाढत नाहीत. मी सगळे ग्लिसरीनवर घातले होते. सगळे वाढले."

"बश्या दाखव."

"बश्या नाहीत आता. सुब्बोत्निकमध्ये गेल्या."

"फोटो?"

"पांढऱ्यांचे आहेत. ग्लिसरीनच्या बश्यांचे नाहीत काढले." कुणीच काढत नाही, ती साधी खातरजमा असते. पण खोलीत कुणीतरी नाकातून हसलं.

"म्हणजे आम्ही तुझ्या शब्दावर जायचं?"

"माझ्या नको. वालेर्यानिचनी पाहिल्यात त्या."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

मी पाहिल्या होत्या. मार्चमध्ये, माझ्या खिडकीपाशी, उजेडाला धरून. ठिपके टपोरे होते. मी म्हणालो होतो, "वा, बाई, सगळे धडधाकट आहेत!" आणि तिला चॉकलेट दिलं होतं. सगळं आठवतंय. आता "हो, पाहिल्यात" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग गेल्या कुठे? शनिवारी कोल्ड रूम कुणाकडे होती? आणि फळीवर आता काय आहे?

"मला... नीट आठवत नाही," मी म्हणालो. "बऱ्याच बश्या डोळ्यांखालून जातात."

तायानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रस्ता ओलांडताना आपण ज्याचा हात धरला तो माणूस भलताच निघाला तर पाहू, तसं. मग तिनं पुढचं चित्र लावलं.

प्रकरण वगळायचं असं ठरलं. उरलेल्यावर पदवी मिळेल. जिन्यात दोघंजण बोलत होते, पांढरं दिसलं की पोरांना नोबेल दिसतं. हरवल्या म्हणे! सोयीचं आहे. मी मागून चाललो होतो. तिला खोटारडी ठरवत होते, आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

मला माझी लाज वाटते. हे लिहून ती कमी होईल असं वाटलं होतं.

१५ मे, शुक्रवार

बरण्या घरी परत आणल्या. रिम्मा म्हणाली, "अचानक?" मी म्हणालो, कोल्ड रूममध्ये तपासणी आहे. हे आणखी एक खोटं. तायाला वेगळं, मार्गारिता गेन्रिखोव्नांना वेगळं, रिम्माला वेगळं. सगळी किरकोळ आहेत, एकही मोठं नाही.

३१ मे, रविवार

दोन आठवडे मी तायाबरोबर राबतोय. माझी कल्पना अशी की तसले ठिपके पुन्हा मिळवून द्यायचे, मग काही सांगायची गरजच उरणार नाही. मी स्वतः खाद्य शिजवतो, मखमलीचे तुकडे धुऊन वाफवतो आणि त्यावर बश्यांचे छाप उचलतो. ही कामं मी पंधरा वर्षांत केली नव्हती. छाप फराटे होऊन उठतात. ताया ते पुन्हा घेते.

पांढरे येतात, पण नेहमीचे. ग्वानिडीनवर घातले की निमूट लाल होतात. ते कुटुंब काही पुन्हा येत नाही. अशा गोष्टी मनात येईल तेव्हा येतात आणि आपण बोलावलं की येत नाहीत.

विभागात माझं नाव झालंय. मार्गारिता गेन्रिखोव्ना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शेशुकोवकडून शिका. विद्यार्थिनीची चूक, आणि हा माणूस तिच्यासाठी हातानं मखमल धुतोय." ताया तिथेच बाटल्यांवर झाकणं लावत होती. तिचा हात थांबला नाही. मी "छे छे" म्हणालो. सगळे म्हणाले, काय विनय आहे!

नंतर आम्ही दोघंच होतो तेव्हा तिनं विचारलं, "वालेर्यानिच, तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

मी म्हणालो, तब्येतीला जप, फार काम करतेस. ती म्हणाली, बरं. चांगली मुलगी आहे, पण कधीकधी तिचा रोख कळत नाही.

१० जून, बुधवार

तायानं प्रबंध छापायला दिला. प्रकरण काढलंय. शेवटी फक्त एक ओळ ठेवलीय: पहिल्या पाठराखिणीवर अवलंबून नसलेल्या प्रायनचाही संशय आला होता, पण नमुने उपलब्ध नाहीत. मी म्हटलं, ही ओळही काढ, उगाच प्रश्न येतील.

"येऊ देत," ती म्हणाली.

पदवीनंतर ती इथे राहणार नाही. नोवोसिबिर्स्कला जागा बघितलीय. मी विचारलं, आमच्यात काय कमी आहे? ती म्हणाली, "तिकडे फ्रीजर मोठा आहे." मी हसलो. ती हसली नाही.

झोप नाही. इथल्या उत्तरेतल्या जूनमध्ये रात्रीही बाहेर उजेड मावळतच नाही, आणि अशा दिवसांत माणसाला तोंड लपवायला अंधारही मिळत नाही. काल रिम्मानं विचारलं, "बरण्यांचं काय प्रकरण होतं, खरं सांग." सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? जा, तिला सांग." बायका गोष्टी फार सोप्या करून टाकतात.

२५ जून, गुरुवार

झालं. मी बोललो.

सविस्तर लिहितो. मॉस्कोहून आलेला परीक्षक, उंच, फुलाफुलांचा टाय. सगळं सुरळीत चाललं होतं आणि त्यानं त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "नमुने उपलब्ध नाहीत म्हणजे काय? होते की नव्हते?"

ताया म्हणाली, "होते." पुढे काही बोलली नाही. मागच्या रांगेत कुजबुज झाली, आणि मला जिन्यातले ते दोघे आठवले. मी उठलो. पाय आपोआप उठले. बोलण्याची परवानगी मागितली.

मी म्हणालो, "आदरणीय सभाजन, ते नमुने मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. ते ग्लिसरीनवर वाढत होते. ते बुटके नव्हते. सुब्बोत्निकच्या दिवशी, त्यांच्यावर खुणेची पट्टी नसल्यामुळे, ते मीच नष्ट केले. आणि विभागात मला विचारलं गेलं तेव्हा, भीतीपोटी, मी आठवत नाही असं सांगितलं. लुकिनाबाईंवर आलेला संशय माझ्यामुळे आला. दोष सर्वस्वी माझा आहे."

मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण परीक्षक जागेवरून उठला, सगळी खोली ओलांडून आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. "चाळीस वर्षांत," तो म्हणाला, "मी सभेत असं काही ऐकलेलं नाही." कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मार्गारिता गेन्रिखोव्नांनी चष्मा काढून डोळे टिपले. मग एकेक जण उठून विज्ञानातल्या प्रामाणिकपणाबद्दल बोलू लागला. कुणी आपल्या गुरूंची आठवण काढली, कुणी तरुण पिढीला उपदेश केला. ताया फळ्याजवळ उभी होती, हातात दाखवायची काठी. तिला पुढचा प्रश्न विचारायचं कुणाला सुचलंच नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, वेळ झाली, मतदान घेऊ. एकमतानं पदवी.

मेजवानीत पहिला प्याला तायाच्या नावानं झाला, नंतरचे सगळे माझ्या. मी खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यापाशी गेलो.

"ताया, मला माफ कर."

"आत्ता नको, वालेर्यानिच," ती हळूच म्हणाली. "लोक बघताहेत."

नंतर मी खाली सिगारेट ओढत होतो तेव्हा ती कोट घालून आली. मला वाटलं, आता मिठी मारेल. दोघांचेही डोळे भरून येतील, असंही वाटलं. एवढं माझ्या मनात येऊन गेलं होतं.

"मला त्या सोमवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "मी कोल्ड रूममध्ये गेले. तिसऱ्या फळीवर कोबीच्या बरण्या. वरच्या बरणीवर, मागच्या बाजूनं, निळी पट्टी. तिच्यावर माझं अक्षर. 'ता. लु., जूनपर्यंत हात लावू नये.'"

मी सिगारेट विझवली.

"बश्या गेल्या, ते मी समजू शकत होते. दुसऱ्या येतील, किंवा येणार नाहीत. मला एक वाक्य हवं होतं. पाहिल्यात म्हणून. तेव्हा, चौदा तारखेला. आज माझा दिवस होता हो. मी तीन वर्षं उभी होते या दिवसासाठी. आता मी कुठेही गेले तरी लोक म्हणणार, ती शेशुकोवची विद्यार्थिनी, जिच्यासाठी तो सभेत उभा राहिला."

"मग तू का नाही सांगितलंस? पट्टीचं, तिथे, सगळ्यांसमोर?"

"तुमची वाट बघत होते," ती म्हणाली, आणि ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली.

२६ जून, शुक्रवार

पट्टी सुटलेली नव्हती. पडलेलीही नव्हती. मी नखानं सोलून काढली. तिच्यावरचं नाव वाचलं, आणि वाचून काढली. मनात असं आलं होतं की मुलगी इथे नाही, जुनं असेल, गोठवून ठेवलं असेल. गोठवू नको असं मीच सांगितलं होतं, ते त्या क्षणी मला आठवायचं नव्हतं. पट्ट्यांचं रिळ वर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि माझी कंबर दुखत होती. म्हणून तीच पट्टी कोबीला लावली.

आणि काल, सगळ्या सभेपुढे छाती पुढे काढून उभं राहून मी काय म्हणालो? "पट्टी नसल्यामुळे." कबुलीच्या मधोमध हे वाक्य घातलं. ठरवून नव्हतं घातलं, पण ते बरोबर जागेवर बसलं. टाळ्या पडल्या त्या त्याच वाक्याला. पट्टी काढून कोबीला लावली म्हणालो असतो तर परीक्षक खुर्चीतून उठला नसता.

सासूबाईंनी आज सूप केलं त्या कोबीचं. मी जेवलो नाही. म्हणाल्या, काय झालंय तुला, इतकं कौतुक झालं म्हणे!

आज मार्गारिता गेन्रिखोव्नांकडे जाऊन पट्टीचं सांगायचं ठरवलं होतं. त्या गावाला गेल्या होत्या.

३ जुलै, शुक्रवार

ताया काल नोवोसिबिर्स्कला गेली. स्टेशनवर मी गेलो नाही. जायचं धैर्य झालं नाही असं लिहितो, आणि तेच खरं आहे. रिम्मा गेली होती. तिच्याबरोबर मी फुलं पाठवणार होतो. रिम्मा म्हणाली, "फुलं घेऊन स्वतः जायचं असतं." फुलं स्वयंपाकघरात आहेत.

आज मार्गारिता गेन्रिखोव्नांनी बोलावलं. मला वाटलं, बरं झालं, आता सांगून टाकू. दार लावून घेतलं. तोंड उघडलं.

"बसा, शेशुकोव. सप्टेंबरमध्ये नवी मुलं येताहेत. पहिल्या दिवशीचं भाषण दरवर्षी मी करते. या वर्षी तुम्ही करा. विषय: विज्ञानातला प्रामाणिकपणा. तुमच्याशिवाय दुसरं कोण बोलणार?"

मी म्हणालो, "मार्गारिता गेन्रिखोव्ना, तुम्हाला सगळं माहीत नाही. मी त्याला लायक नाही."

"लायक असलेली माणसं असंच म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात म्हातारा, गरम होता. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्या हाताला हात लावला नव्हता. चरबीचा विनोदही केला नाही.

नाही म्हणायला गेलो होतो. पट्टीचं सांगायला गेलो होतो. हो म्हणून बाहेर आलो.

जिना उतरताना भाषणाचं पहिलं वाक्य सुचलं. थांबून ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. फार चांगलं वाक्य होतं.